पीयूडीवर दावा लावता येतो का? (वॉशिंग्टन राज्यातले वीज-जिल्हे)

कोलंबियाकाठी
मंडळी, मी वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागात राहतो. आमच्याकडे वीज खासगी कंपनीची नाही, पब्लिक युटिलिटी डिस्ट्रिक्टची, म्हणजे पीयूडीची. कोणती ते मुद्दाम लिहीत नाही, गाव लहान आहे. हिवाळ्यात लाइनवर काम चालू असताना व्होल्टेज चढलं आणि हीट पंपाचा कंट्रोल बोर्ड, फ्रीज आणि टीव्ही एकदम गेले. सगळं मिळून साडेचार हजार डॉलरच्या आसपास खर्च दिसतोय.
शेजारचे आजोबा म्हणतात, "सोड, ते सरकार आहे, सरकारवर केस होत नसते." ऑफिसातला एक जण म्हणतो, "छे, ती आपल्या सहकारी सोसायटीसारखी संस्था आहे, बिनधास्त कर." मला दोघांचंही पटेना. ही पीयूडी नेमकी आहे कोण? तिला काय काय करता येतं, आणि चूक झाली तर भरपाई किती देते? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

तिरपागडा
पहिला! चहा घेऊन बसलोय, चालू द्या.

रेडमंडचा_राघू
आमच्याकडे प्युजेट साउंड एनर्जी आहे, खासगी. आमच्या बिलात आणि पूर्वेकडच्या बिलात केवढा फरक असतो ते पाहून मीच तुमच्यावर दावा लावावा म्हणतो.

कलमबहाद्दर
मी वकील नाही, पण स्थानिक सरकारी संस्थांचे कागद हाताळण्यात नोकरी गेली. हा कायदेशीर सल्ला समजू नये.

पीयूडी ही सहकारी संस्था नाही आणि आजोबा म्हणतात तसं 'सरकार'ही नाही. ती महानगरपालिकेच्या जातीची, पण एकाच कामापुरती बांधलेली संस्था आहे. वॉशिंग्टनमधल्या शेतकऱ्यांच्या ग्रेंज संघटनेने हा कायदा पुढे रेटला आणि १९३० च्या नोव्हेंबरात मतदारांनी तो थेट मतदानाने मंजूर केला. खासगी वीज कंपन्या शहरात तारा ओढत होत्या आणि शेतावर अंधार होता, हे त्यामागचं कारण. आज राज्यात २८ पीयूडी आहेत. काही वीज विकतात, काही फक्त पाणी. कारभार निवडून आलेल्या कमिशनरांकडे. बहुतेक ठिकाणी तीन, काही ठिकाणी पाच, मुदत बहुतेकांची सहा वर्षं, आणि निवडणुकीत पक्षाचं चिन्ह नाही.

अधिकार मोठे आहेत. धरण बांधता येतं, महसुली बाँड (वीजविक्रीच्या उत्पन्नातून फेडायचे कर्जरोखे) काढता येतात, सक्तीने जमीन घेता येते, आणि खासगी वीज कंपनीच्या तारा-खांबही भूसंपादनाने ताब्यात घेता येतात. मालमत्ता कर लावता येतो, पण हजार डॉलर मूल्यांकनामागे ४५ सेंटच्या वर नाही. दर कमिशनर ठरवतात. राज्याचा जो आयोग खासगी कंपन्यांचे दर तपासतो त्याचा पीयूडीवर अधिकार नाही.

आता आजोबांचं. १९६७ पासून या राज्यातल्या स्थानिक संस्था खासगी व्यक्ती किंवा कंपनीइतक्याच जबाबदार आहेत, असं कायद्यात स्पष्ट आहे. त्याआधीसुद्धा वीज विकणं हा शासनकारभार नसून धंदा मानला जाई, त्यामुळे पूर्ण कवच तेव्हाही नव्हतं. आणि वॉशिंग्टनमध्ये भरपाईच्या रकमेला कायद्याने कमाल मर्यादा घातलेली नाही.

एकच मेख आहे. थेट कोर्टात जाता येत नाही. आधी पीयूडीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे रीतसर दावा अर्ज द्यायचा आणि ६० दिवस थांबायचं. हे न करता केस टाकली तर बहुतेक वेळा तिथेच फेटाळली जाते.

कोलंबियाकाठी
बाप रे, धन्यवाद. म्हणजे अर्ज केला की पैसे मिळतील?

कलमबहाद्दर
असं कुठे म्हटलं मी? जबाबदारी खासगी कंपनीइतकीच, म्हणजे निष्काळजीपणा तुम्हालाच दाखवावा लागणार. वादळाने झाड पडलं आणि व्होल्टेज हललं तर हात वर करतील. तुमच्या बाबतीत 'लाइनवर काम चालू होतं' हा मुद्दा जोरदार आहे. कामाची तारीख, वेळ, कोणत्या फीडरवर (मुख्य वीजवाहिनीवर) काम होतं, हे सगळं सार्वजनिक माहितीच्या कायद्याखाली मागता येतं. सार्वजनिक संस्था असल्याचा हा फायदा. खासगी कंपनीकडे असं मागून बघा.

ओसरीवरून
वाचनखूण साठवली. अवांतर: निवडून दिलेला माणूस विजेचा दर ठरवतो हे ऐकूनच घाम फुटला. आमच्याकडे नगरसेवकाला हे अधिकार दिले तर निवडणुकीच्या वर्षी वीज फुकट आणि पुढच्या वर्षी अंधार.

जुना_टर्बाइन
ओसरीवरून, हसू नका, या लोकांनी जवळजवळ तेच करून दाखवलंय. इथे अधिकार आणि जबाबदारी यांची गोष्ट चालली आहे आणि अजून कुणी 'वूप्स' काढलं नाही?

मी निवृत्त इंजिनियर, ऑलिंपियाच्या पश्चिमेला राहतो. ग्रेज हार्बर काउंटीत सॅटसॉपला गेलात तर झाडीतून वर आलेले दोन अवाढव्य काँक्रीटचे कूलिंग टॉवर दिसतात. त्यांतून वाफ कधीच निघाली नाही.

१९५७ साली पीयूडींनी एकत्र येऊन वॉशिंग्टन पब्लिक पॉवर सप्लाय सिस्टिम काढली. आद्याक्षरं डब्ल्यूपीपीएसएस, लोकांनी त्याचं केलं वूप्स! सत्तरच्या दशकात हिशेब असा मांडला की विजेची मागणी दर वर्षी वाढतच जाणार आणि नद्यांवर आता आणखी धरणं बांधायला जागा नाही. म्हणून पाच अणुभट्ट्या एकदम हाती घेतल्या. पहिल्या तिघींच्या मागे बॉनव्हिल पॉवर, म्हणजे धरणांची वीज विकणारं केंद्र सरकारचं खातं, उभं होतं. चौथी आणि पाचवी मात्र ८८ लहानमोठ्या वीजसंस्थांनी, म्हणजे पीयूडी, गावं आणि सहकारी संस्थांनी, आपल्या हमीवर उचलली. करार असा की भट्टी पूर्ण होवो न होवो, एक युनिट मिळो न मिळो, बाँडचे हप्ते भरायचेच. लग्न मोडलं तरी केटररचं बिल मांडवात उभं राहून चुकतं करायचं.

मग खर्च फुगला. १९८१ मध्ये पाचही भट्ट्यांचा मिळून अंदाज २४ अब्ज डॉलरच्या घरात गेला, आणि मागणी तर वाढायचं नाव घेईना. जानेवारी १९८२ मध्ये चौथी आणि पाचवी सोडून दिली. बाँड होते सव्वादोन अब्ज डॉलरचे.

तिरपागडा
आणि मग बिल आलं.

जुना_टर्बाइन
बिल आलं, पण भरलं कुणी नाही! लोक चवताळलेले होते, सभा, मोर्चे, बिल न भरण्याच्या शपथा. बाँडधारकांच्या वतीने केमिकल बँक कोर्टात गेली. १५ जून १९८३ रोजी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की इथल्या पीयूडींना आणि शहरांना असा करार करण्याचा अधिकारच नव्हता. कायद्याने त्यांना वीज विकत घेण्याची मुभा दिली होती, वीजकेंद्र बांधण्याची आणि त्याची मालकी घेण्याचीही दिली होती. पण इथे वीज मिळण्याची खात्री नाही आणि भट्टीवर मालकीही नाही, खरा ताबाही नाही. नुसतीच पैसे भरण्याची हमी. अशी हमी देण्याचा अधिकार कायद्यात कुठेच नाही. करार रद्द. २५ जुलैला वूप्सने हात टेकले. तोवरच्या अमेरिकेच्या इतिहासातली नगरपालिका बाँडांची ती सगळ्यात मोठी बुडवणूक.

पाचपैकी एकच भट्टी पुरी झाली, दुसऱ्या नंबरची. ती १९८४ पासून हॅनफर्डजवळ चालू आहे, कोलंबिया जनरेटिंग स्टेशन. संस्थेने १९९८ मध्ये नाव बदलून एनर्जी नॉर्थवेस्ट केलं. वूप्स म्हणवून किती दिवस घेणार.

हिशेबनीस_बाई
ताबडतोब निषेध नोंदवते. जुना_टर्बाइन काका, तुम्ही हे विजयगाथा सांगितल्यासारखं सांगताय. ज्यांनी ते बाँड घेतले होते त्यांत किती तरी निवृत्त माणसं होती. करमुक्त व्याज, सरकारी छाप, दलालाने सांगितलं 'सुरक्षित'. पीयूडीच्या कमिशनरांनी सह्या केल्या, त्यांच्या वकिलांनी 'अधिकार आहे' अशी पत्रं दिली, न्यूयॉर्कच्या पतमापन संस्थांनी चांगले शेरे मारले. पैसे खर्चून झाले आणि मग हेच म्हणतात, आम्हाला अधिकारच नव्हता! आपल्या गल्लीत कुणी असं केलं तर आपण त्याला काय म्हणू?

कलमबहाद्दर
बाई, राग रास्त आहे. पण उलट बाजूने बघा. सार्वजनिक संस्थेशी करार करणाऱ्याने तिच्या अधिकाराची हद्द ओळखून असावं, हे जुनं तत्त्व आहे. ते नसेल तर तीन कमिशनर एका संध्याकाळी सही करून अख्ख्या काउंटीला तीस वर्षं गहाण टाकू शकतील. अधिकाराची मर्यादा ही कमिशनरांपासून ग्राहकाचं संरक्षण आहे. बँकेकडे वकिलांची फौज होती, काउंटीतल्या शेतकऱ्याकडे नव्हती.

हिशेबनीस_बाई
बँकेकडे होती, बाँड घेणाऱ्या आजीकडे नव्हती. आणि संरक्षण फुकट नाही मिळालं. त्यानंतर फसवणुकीचे दावे चालले, त्यांत सगळ्यांनी मिळून सुमारे ७५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. सव्वादोन अब्जापुढे ७५ कोटी, म्हणजे रुपयाला पाच आणे. मी माझं मत बदलत नाही.

पोर्टलंडची_स्नेहा
यातला मजेशीर भाग राहिला. नदी ओलांडली की निकाल बदलतो. ओरेगॉनमध्येही पीयूडी आहेत, इथे त्यांना पीपल्स युटिलिटी डिस्ट्रिक्ट म्हणतात. ओरेगॉनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये त्याच कराराबद्दल सांगितलं की आमच्या संस्थांना अधिकार होता! तो खटला लढवणाऱ्यांत पीटर डिफॅझिओ होते, जे पुढे अनेक वर्षं इथून काँग्रेसवर निवडून गेले.

भरपाईच्या बाबतीतही नदीचा हाच फरक. ओरेगॉनमध्ये स्थानिक संस्थांवरच्या दाव्याला कमाल मर्यादा आहे. २००९ साली ती इजा किंवा मृत्यूच्या दाव्याला एका माणसाला पाच लाख डॉलर आणि एका घटनेतल्या सगळ्यांना मिळून दहा लाख अशी होती, मालमत्तेच्या नुकसानीला त्याहून कमी; नंतर वाढत गेली. शिवाय साधारण १८० दिवसांत नोटीस दिली नाही तर हक्क गेला. साडेचार हजाराच्या फ्रीजला काही फरक पडत नाही. पण तुटलेल्या तारेने गाव जळलं तर?

रेडमंडचा_राघू
हा मुद्दा खरा आहे. ओरेगॉनमध्ये २०२० च्या लेबर डेच्या आगी आठवा. पॅसिफिकॉर्प खासगी वीज कंपनी, तिला २०२३ मध्ये ज्यूरीने घोर निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरलं आणि त्यानंतर दाव्यांची रांग लागली. तीच तार पीपल्स डिस्ट्रिक्टची असती तर मर्यादेत बसवून मोकळे झाले असते का?

पोर्टलंडची_स्नेहा
बरंचसं हो. म्हणजे जळालेल्या घरांनी ती मर्यादेतली रक्कम आपसांत वाटून घ्यायची. मला हे पटत नाही, पण मर्यादेच्या बाजूने बोलणारे म्हणतात की सार्वजनिक संस्थेला भागधारक नसतात. भरपाई वीजबिलातूनच जाणार, म्हणजे ज्यांची घरं जळली त्यांच्याच खिशातून.

सॅक्रामेंटो_सरपंच
कॅलिफोर्नियाचं त्याहून वेगळं. इथे युटिलिटी डिस्ट्रिक्टचा कायदा १९२१ चा. इजेचा किंवा वस्तूंच्या नुकसानीचा दावा अर्ज सहा महिन्यांत द्यायचा. पण आगीच्या बाबतीत इथली कोर्टं राज्यघटनेतलं मालमत्तेचं कलम लावतात: सार्वजनिक कामासाठी टाकलेल्या तारेने माझं घर जळलं, तर जणू ते सार्वजनिक कामासाठी घेतलंच, मग भरपाई द्या, निष्काळजीपणा असो नसो. खासगी वीज कंपन्यांनाही हेच लावलं. त्यामुळे इथल्या लहान डिस्ट्रिक्टना झाडांच्या फांद्यांची भारी धास्ती.

नगरकर_काका
सर्व प्रतिसाद वाचले. उत्तम धागा.
आपल्याकडे अशी लोकांच्या हातातली वीज करून पाहिली गेली होती, नगर जिल्ह्यात. मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था, राहुरी-श्रीरामपूर भाग. शेतकरी सभासद, निवडून आलेलं संचालक मंडळ. महावितरणकडून घेतलेल्या विजेची थकबाकी वाढत गेली आणि २०११ मध्ये परवाना जाऊन वितरण महावितरणकडे आलं. ऑफिसातला तो मित्र 'सहकारी' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा असं काही असणार. फरक माझ्या मते हा, की तिकडे कर लावण्याचा आणि भूसंपादनाचा अधिकार संस्थेलाच. इकडे सहकारी संस्थेला असं काही नाही.
भरपाईबद्दल सांगायचं तर तुटलेल्या तारेने माणूस गेला तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच मध्य प्रदेश वीज मंडळाच्या प्रकरणात म्हटलंय की मंडळाची चूक नसली तरी जबाबदारी मंडळाचीच. तत्त्व कडक आहे हो. पैसे हातात पडायला नातवंडं मोठी होतात, एवढंच.

ओसरीवरून
काका, शेवटच्या वाक्याला +१.

रेडमंडचा_राघू
मग सगळ्या काउंट्या पीयूडी का करत नाहीत? स्वस्त वीज, स्वतःचे कमिशनर.

कलमबहाद्दर
कारण वीज सुरू करायला मतदारांची मंजुरी लागते आणि मग चालू कंपनीची यंत्रणा विकत घ्यावी लागते. जेफरसन काउंटीने २००८ मध्ये हो म्हटलं, तुमच्याच प्युजेट साउंड एनर्जीकडून २०१३ मध्ये ताबा घेतला. थर्स्टनमध्ये २०१२ ला मतदारांनी नाही म्हटलं. आणि स्वस्त वीज ही काही जादू नाही. बॉनव्हिलची धरणांची वीज देताना सार्वजनिक संस्थांना पहिला हक्क द्यायचा हे १९३७ पासून केंद्राच्या कायद्यात आहे.
शिवाय कायद्यात लिहिलेलं नसेल ते करता येत नाही, हे सगळीकडे आडवं येतं. पीयूडींकडे फायबर होतं, पण २००० च्या कायद्याने फक्त घाऊक विक्रीची परवानगी. घराघरात इंटरनेट विकायची मुभा मिळाली २०२१ मध्ये. दानधर्म तर राज्यघटनेनेच बंद: गरीब आणि अपंगांची मदत सोडून सार्वजनिक पैसा कुणाला भेट देता येत नाही. लोकांना घर वीज-बचतीचं करायला कर्ज द्यायचं म्हटलं तर १९७९ मध्ये घटनाच दुरुस्त करावी लागली.

तिरपागडा
आणि बिटकॉइनवाले? पूर्वेकडे स्वस्त वीज बघून कंटेनर भरभरून मशिनं आणली होती ना?

जुना_टर्बाइन
आणली होती. ग्रँट पीयूडीने २०१८ मध्ये अशा ग्राहकांसाठी वेगळा, चढा दर-वर्ग केला. ते फेडरल कोर्टात गेले, हरले. दर ठरवण्याचा अधिकार कमिशनचा आहे आणि त्याला पटण्यासारखं कारण आहे, इतकं पुरे झालं. राघू, तुझ्या मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटर्स क्विन्सीला त्याच ग्रँटच्या विजेवर चालतात. तेव्हा बिलाची तक्रार जरा हळू आवाजात.

रेडमंडचा_राघू
😶

हिशेबनीस_बाई
सगळेच करार मोडता येतात असं मात्र कुणी समजू नये. २००१ च्या वीजटंचाईत स्नोहोमिश पीयूडीने मॉर्गन स्टॅन्लीशी नऊ वर्षांचा करार केला, मेगावॉट-तासाला १०५ डॉलर. भाव उतरल्यावर म्हणाले, हा दर अन्यायकारक, बदला. २००८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मोकळेपणी केलेल्या कराराचा दर न्याय्यच धरायचा. लोकहिताला गंभीर बाधा येते असं दाखवलं तरच हात लावायचा. त्यांना करार करायचा अधिकार होता, म्हणून तो पाळायची जबाबदारीही होती. वूप्समध्येही हेच व्हायला हवं होतं.

कलमबहाद्दर
बाई, स्नोहोमिशने खरी वीज घेतली होती. वूप्सची वीज जन्मालाच आली नाही.

हिशेबनीस_बाई
आजीचे पैसे तर जन्माला आले होते!

कोलंबियाकाठी
भांडण थांबवत नाही, पण अपडेट देतो. अर्ज दिला. काउंटरवरच्या बाई फार चांगल्या होत्या, पोचही दिली. लगेच एक पत्र आलं की प्रकरण विमा पूलकडे (अशा अनेक संस्थांच्या सामायिक विम्याकडे) पाठवलंय. तीन प्रश्न: ६० दिवसांत नाही म्हणाले तर? वकील परवडेल का? आणि हीट पंपवाला जुना बोर्ड फेकून द्यायचं म्हणतोय.

कलमबहाद्दर
बोर्ड फेकू देऊ नका! आजच फोन करा. तोच तुमचा पुरावा. त्याच्याकडून 'जादा व्होल्टेजने जळाला' असं लेखी घ्या, फ्रीजचंही घ्या.
नाही म्हणाले किंवा गप्प बसले तर ६० दिवसांनंतर स्मॉल क्लेम्स कोर्ट. तिथे व्यक्तीला १० हजार डॉलरपर्यंत दावा करता येतो आणि वकील सहसा उभेच राहू देत नाहीत, त्यामुळे परवडण्याचा प्रश्न नाही. मालमत्तेच्या नुकसानीला तीन वर्षांची मुदत आहे, आणि अर्जाचे ६० दिवस त्यात धरत नाहीत. घाई नाही, पण विसरूही नका.

पोर्टलंडची_स्नेहा
शिवाय कमिशनची बैठक खुली असते, सुरुवातीला लोकांना बोलायला वेळ देतात. तीन मिनिटं शांतपणे बोलून ये. माझ्या मैत्रिणीचा अडकलेला अर्ज त्यानंतर आठवड्यात हलला.

तिरपागडा
आणि शेजारच्या आजोबांना सोबत ने. 'सरकारवर केस होत नसते' म्हणणारा माणूस तीन मिनिटांत आटपत नाही. कमिशनर कंटाळून फ्रीज देऊन टाकतील.

कलमबहाद्दर
फ्रीज देऊन टाकता येणार नाही. वर लिहिलंय, भेट द्यायला घटनेची बंदी आहे. दावा मान्य करून पैसे देता येतील.